मूळ शिरले, म्हणजे गळती आहे

कोकणातल्या घराच्या आवारात आंबा, फणस, माड आणि विहीर शेजारीशेजारी असतात. संडासाच्या पाइपात मुळे सापडली की दोष झाडाला दिला जातो आणि कुऱ्हाड चालते. प्रत्यक्षात मुळे सहसा धड पाइप फोडत नाहीत. सैल जोडातून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे ती वाढतात, फटीतून आत शिरतात आणि जाड होताना ती फट रुंदावतात.

खरा धोका त्या फटीचा. तिच्यातून बाहेर पडलेले मैलापाणी सच्छिद्र जांभ्यातून विहिरीत उतरू शकते आणि कावीळ, विषमज्वर, जुलाब घरात येतात. झाड तोडले तरी गळती राहतेच. त्यामुळे आधी पाइपाचे जोड पक्के करा. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. शंका असेल तर पाणी तपासून घ्या. तोवर उकळून प्या.

झाडालाही पाणी योग्य जागी द्या. पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोनेक फुटांत, फांद्यांच्या घेरापर्यंत आणि त्याबाहेरही पसरलेली असतात. म्हणून मोठ्या झाडाचे आळे बुंध्याला चिकटून नको, घेराच्या कडेला करा आणि त्यावर पालापाचोळा पसरा. बुंध्याशी पाणी साचले तर साल कुजते.