मनगटावर बांबू बांधण्याआधी

मावळाला बांबूची ओळख नव्यानं करून द्यायला नको. भातखाचरांच्या कडेला, घरामागच्या उतारावर कळकाची बेटं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. सूप, टोपली, कणगी, पावसातलं इरलं, सगळं याच बेटांतून आलं. आता परवडणाऱ्या दरातल्या मनगटी घड्याळांच्या केसलाही बांबू वापरतात आणि ती ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकली जातात. हा दावा कितपत खरा?

बांबूपुरता तो खरा आहे. काठी तीन-चार वर्षांत पक्व होते, तोडली तरी कंदातून नवे कोंब फुटतात. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि खासगी जमिनीवरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याचा तोडणी-वाहतुकीच्या परवान्याचा जाच संपला.

पण लोणावळ्याचा पाऊस बांबूची परीक्षा घेतो. बांबू हवेतली ओल शोषून फुगतो, सुकला की आकसतो आणि चिरतो. कोवळ्या काठीतल्या पिष्टाला भुंगा लागतो. म्हणून जुने लोक पावसाळा सरल्यावर, अवसेच्या सुमारास जून काठीच तोडत. आज त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रियाही करतात. अशी प्रक्रिया केलेला, तेल पाजलेला बांबू टिकतो. तरीही हे घड्याळ भुशी डॅमला भिजायला नेऊ नये.

खरा प्रश्न केसच्या आत आहे. घड्याळजीनं पाठीमागचं झाकण उघडलं की दिसतं सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारं क्वार्ट्झ, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि शर्टाच्या बटणाएवढा सेल. हे यंत्र साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखंच असतं. सेल दोन-तीन वर्षांत संपतो. तो बदलता येत नसेल, तर बांबूचं कवच असूनही घड्याळ कचऱ्यातच जाणार.

म्हणून घेताना तीन गोष्टी पाहा: झाकण उघडतं का, पट्टा बदलता येतो का, आतलं यंत्र दुरुस्त होणारं आहे का. प्रकाशावर चालणारं घड्याळही चांगला पर्याय आहे. सिटिझननं असं काट्यांचं घड्याळ 1976 मध्येच आणलं. चार महिने ढगाखाली राहणाऱ्या मावळातही ते चालतं, कारण त्याला दिव्याचा उजेडही उपयोगी पडतो.

आणि घरातला खण एकदा उघडून पाहा. एचएमटीनं 1961 मध्ये सिटिझनच्या साहाय्यानं बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, पण आजोबांचं चावीचं ‘जनता’ तेल-सफाईनंतर बहुधा पुन्हा टिकटिकू लागतं. त्याला सेल लागत नाही. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हिरवं घड्याळ तेच.

नवं घ्या किंवा जुनं वापरा, एवढं मात्र कराच: संपलेला सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो वेगळा देणं ही आपली जबाबदारी आहे. कचऱ्यातून झिरपणारं मावळातलं बरंचसं पाणी इंद्रायणी आणि पवनेला मिळतं, आणि त्याच नद्यांचं पाणी आपण पितो.