'बुद्धिबळ' या संज्ञेची कसोटी

'बुद्धिबळ' या नावात बुद्धी हेच बळ मानले आहे. गिरगावच्या 'नवाकाळ'कार खाडिलकर घराण्यातील, १९८१ सालच्या आशियाई महिला विजेत्या रोहिणी खाडिलकर यांनी लंडन येथे संगणकाला हरविले, तेव्हा या अर्थास बाध आला नव्हता. १९९७ साली मात्र 'डीप ब्लू' या संगणकाने कास्पारोव्ह यांना ३॥ विरुद्ध २॥ गुणांनी पराभूत केले. मनुष्य पटावरील रचना ओळखून मोजक्याच चालींचा विचार करतो. हे यंत्र सेकंदास सुमारे २० कोटी पटस्थिती तपाशीत असे. या गणनेस बुद्धी म्हणावे काय? 'संगणक खेळतो' हा प्रयोग मराठीत सहज रूढ झाला. 'संगणकाला चाल सुचली' हा मात्र खटकतो. कारण 'सुचणे' या क्रियापदाचा चतुर्थ्यंत अनुभवकर्ता सचेतन असावा लागतो. सामना यंत्राने जिंकला, तरी हे क्रियापद अद्याप मनुष्याकडेच आहे.