'ट्रंक' म्हणजे पेटी नव्हे

आपल्या घरांत 'ट्रंक' हा शब्द दोन वाटांनीं शिरला. एक ती खाटेखालची पत्र्याची पेटी. आणि दुसरा, अपरात्रीं आला कीं सारें घर धास्तावून जागें होई, तो 'ट्रंक कॉल'. पेटी अद्याप पुष्कळ घरीं आहे. कॉल मात्र, १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकानें स्वतःच नंबर फिरवून परगांवीं बोलण्याची सोय झाली तेव्हांपासून, मागें पडत पडत नाहींसा झाला. परंतु कचेऱ्यांत व इस्पितळांत तिसरी एक ट्रंक आजही नांदत आहे, आणि तिची ओळख नसल्यामुळें उगाच गैरसमज होतात.

मोठ्या कचेरींत मेजामेजावर टेलिफोन असतो; पण प्रत्येकाची तार बाहेरच्या सार्वजनिक एक्स्चेंजपर्यंत गेलेली नसते. मध्यें कचेरीचें स्वतःचें लहानसें एक्स्चेंज असतें. त्यास पीबीएक्स, म्हणजे खासगी शाखा-एक्स्चेंज, म्हणत. पूर्वीं तेथें बसलेली ऑपरेटर दोरीच्या टोकाची खुंटी योग्य त्या भोकांत घालून दोघांस जोडून देई. तिचें काम यंत्र करूं लागलें तेव्हां नांवांत 'स्वयंचलित' या अर्थाचा 'ए' आला, इलेक्ट्रॉनिक यंत्रें आल्यावर 'ई' आला, आणि त्याचें ईपीएबीएक्स झालें. मेजापासून या यंत्रापर्यंतची ती 'एक्स्टेन्शन', आणि यंत्रापासून सार्वजनिक एक्स्चेंजपर्यंतची ती 'ट्रंक'. हल्लीं एकाच काचतंतूंतून अनेक ट्रंका वाहतात. मोजणी मात्र तशीच चालते.

इंग्रजींत ट्रंक म्हणजे झाडाचें खोड. दोन गांवांच्या एक्स्चेंजांना जोडणारी वाटही खोडच. म्हणून तो ट्रंक कॉल. (पेटीही मूळची खोड पोखरून केलेली, असें कोशकार सांगतात!)

फांद्यांहून खोडें थोडीं ठेवावयाचीं हें उघडच. पण किती थोडीं? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील गणिती आग्नर एर्लांग यानें १९१७ सालीं याचें सूत्र प्रसिद्ध केलें. समजा, एक्स्टेन्शनें ४० आहेत आणि गर्दीच्या तासांत प्रत्येकाचें बाहेरचें बोलणें ६ मिनिटें होतें. एकूण २४० मिनिटें, म्हणजे चार तास. तेव्हां चार ट्रंका पुरतील असें कोणासही वाटेल. परंतु माणसें ओळीनें, एकामागून एक बोलत नाहींत. झुंबड उडते, मग सामसूम होते. एर्लांगच्या सूत्रानें पाहतां, चार ट्रंका असल्यास शंभरांतील सुमारें ३१ जणांस नकार मिळतो. आठ केल्यास अवघ्या तिघांस! ट्रंका दुप्पट, आणि नकार मात्र दहावा हिस्सा. एका तारेवरील तासभराच्या या भाराला पुढें 'एर्लांग' हेंच नांव पडलें.

बाहेरून मुख्य नंबर लावला कीं सार्वजनिक एक्स्चेंज त्या संस्थेची मोकळी ट्रंक शोधीत जातें. या शोधाला 'हंटिंग', म्हणजे शिकार, म्हणतात. शिकार मिळाली नाहीं कीं आपणांस 'एंगेज'चा सूर ऐकूं येतो. आजारी माणसाच्या उशाशीं बसून इस्पितळाला फोन लावावा, हा सूर ऐकावा, आणि "डॉक्टर कोणाशीं एवढें बोलत बसले आहेत!" म्हणून चडफडावें, असें होतें. वास्तविक डॉक्टरांच्या मेजावरचा फोन मुका पडलेला असूं शकतो. भरलेल्या असतात त्या ट्रंका. कांहीं इस्पितळें तातडीच्या विभागाला ईपीएबीएक्सबाहेरची स्वतंत्र तार देतात. जवळच्या इस्पितळांत अशी तार आहे का, तें एकदां विचारून घ्यावें, आणि तो नंबर घरच्या वहींत मुख्य नंबराच्या वर लिहून ठेवावा.