‘बेली’ : पिशवीचे पोट कसे झाले

पोटासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘बेली’ हा शब्द मुळात शरीराचा नव्हे, वस्तूचा. जुन्या इंग्रजीत ‘बेल्ग’ म्हणजे चामड्याची पिशवी किंवा थैली. फुगणे हा अर्थ असलेल्या अतिप्राचीन धातूपासून तो आला. जर्मनमधील ‘बाल्ग’ त्याचाच भाऊबंद. त्याचा अर्थ सोललेले कातडे किंवा भाता. लोहाराच्या भात्याला इंग्रजीत ‘बेलोज’ म्हणतात, तेही ‘बेल्ग’चेच अनेकवचनी रूप.

त्या काळी पोटाला ‘वाम्ब’ म्हणत. पुढे त्याचेच ‘वूम’ झाले आणि अर्थ गर्भाशयापुरता आक्रसला. तेराव्या-चौदाव्या शतकांत पिशवीचा शब्द शरीराला लागला आणि ‘बेली’ म्हणजे पोट हे ठरून गेले.

या कुळातला सर्वांत अनपेक्षित नातलग म्हणजे ‘बजेट’. गॉल लोकांच्या भाषेतून लॅटिनमध्ये आलेल्या ‘बुल्गा’ या चामडी पिशवीवरून फ्रेंचमध्ये लहान थैलीला ‘बूजेत’ म्हणू लागले. तो शब्द इंग्रजीत गेला आणि अठराव्या शतकात अर्थमंत्र्याच्या वार्षिक हिशेबाला चिकटला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सभ्य समाजाला ‘बेली’ असभ्य वाटू लागला. त्याजागी लॅटिन ‘अ‍ॅब्डोमेन’ आणि ग्रीक मुळाचा ‘स्टमक’ आले. वास्तविक ‘स्टमक’चा ग्रीक पूर्वज घशाचा किंवा अन्ननलिकेचा वाचक, शिष्टाचारासाठी शरीररचनाही बाजूला ठेवली गेली. मुलांच्या बोबड्या उच्चारातून ‘टमी’ निघाला तो याच ‘स्टमक’पासून.