गॉगल बदलायचा, पण कशासाठी?

2023 च्या मे महिन्यात, आयपीएल ऐन रंगात असताना, जिओने ‘जिओडाइव्ह’ नावाचा 1,299 रुपयांचा व्हीआर गॉगल बाजारात आणला. खोबणीत मोबाइल सरकवायचा, गॉगल डोळ्यांवर चढवायचा, की मान वळवावी तिकडे मैदान दिसायचं. गावागावात पोहोचेल अशी ही किंमत होती. असा गॉगल वापरलेल्या, भातसा धरणाजवळच्या भातसानगरच्या एखाद्या घरात आज पुढचा, महागडा हेडसेट घेण्याची चर्चा चालली असेल, तर आधी या दोन यंत्रांतला फरक समजून घ्यायला हवा.

समजा, भातसा धरणाची भिंत संगणकावर हुबेहूब उभारली. मोबाइलच्या गॉगलमध्ये मान वळवली की जलाशय दिसेल. पण कठड्यावरून वाकून खाली डोकावता येणार नाही. मान किती वळली एवढंच त्याला कळतं. मेटाच्या क्वेस्टसारख्या हेडसेटवरचे कॅमेरे मात्र खोलीतली आपली जागा सतत मोजत असतात. तिथे वाकलं की खोल तळ डोळ्यांपुढे येतो, हात पुढे केला की वस्तू उचलता येते. ही झेप खरी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही.

ज्यांच्या घरात क्वेस्ट 2 आधीच आहे, त्यांचं गणित वेगळं. 2020 चा हा हेडसेट आपल्याकडे बहुधा परदेशातल्या नातलगांच्या बॅगेतून आला. 2023 च्या क्वेस्ट 3 मध्ये प्रत्येक डोळ्यापुढे सुमारे 30 टक्के जास्त पिक्सेल आहेत; जाहिरातीत हाच आकडा पुढे असतो. खरा बदल भिंगात आहे. क्वेस्ट 2 च्या फ्रेनेल भिंगावर वर्तुळाकार खाचा असतात. त्यामुळे मधलाच भाग नीट दिसतो, कडेची अक्षरं पुसट होतात आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाच्या रेघा पसरतात. क्वेस्ट 3 मधलं ‘पॅनकेक’ भिंग प्रकाश आतल्या आत परतवून आणतं. हेडसेट पुढून बारीक होतो आणि चित्र कडेपर्यंत स्वच्छ दिसतं. ज्याला त्यात वाचायचं आहे, नकाशे किंवा आकृत्या पाहायच्या आहेत, त्याला हा फरक पहिल्या मिनिटात जाणवेल. फक्त गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचा खेळ खेळणाऱ्याला तो तितका जाणवणार नाही.

इथेच एक फसगत होते. 2024 मध्ये आलेला स्वस्त क्वेस्ट 3एस नावाने नवा, त्यातली चिप क्वेस्ट 3 चीच. पण भिंग आणि पडद्याची स्पष्टता क्वेस्ट 2 इतकीच. अस्पष्ट अक्षरांना कंटाळून जुना विकणाऱ्याने 3एस घेतला, तर त्रास तसाच राहील. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराचंही तसंच. क्वेस्ट 2 आणि 3एस मध्ये त्यासाठी 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. क्वेस्ट 3 मध्ये चाक फिरवून अंतर हवं तसं जुळवता येतं. हेडसेटने डोकं दुखत असेल, तर आधी हे अंतर तपासावं.

यंत्र धडधाकट असूनही हेडसेट निकामी होतो, तो सॉफ्टवेअरमुळे. 2019 च्या पहिल्या क्वेस्टला ऑगस्ट 2024 नंतर सुरक्षेचे अपडेटही मिळेनासे झाले. मायक्रोसॉफ्टने तर विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीतून मिक्स्ड रिॲलिटीची सोयच काढून टाकली, आणि तिच्यावर चालणारे एचपी रिव्हर्ब जी2 सारखे महागडे हेडसेट एका अपडेटनंतर अडगळीत गेले. ग्राहकावरचा हा उघड अन्याय आहे. जुना हेडसेट स्वस्तात घेताना म्हणूनच किंमत विचारण्याआधी त्याला अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे विचारलं पाहिजे.

भातसानगरमध्ये आणखी काही गोष्टी मोजाव्या लागतात. संध्याकाळी वीज गेली की खोलीत अंधार होतो, आणि अंधारात बहुतेक हेडसेटच्या कॅमेऱ्यांना भिंती दिसत नाहीत. फिरून खेळायला सुमारे दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. ती अंगणात सहज मिळेल, पण तिथे यंत्र नेऊ नये: भिंगावर थेट ऊन पडलं तर ते एकवटून आतला पडदा जाळतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरू शकते, त्यासाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. परदेशातून आणलेलं यंत्र बिघडलं, तर आसनगावहून लोकल पकडून कल्याण-ठाणे गाठूनही ते दुरुस्त होईलच असं नाही.

कामासाठी हेडसेट घेणाऱ्यांचा विचार आणखी निराळा. ठाण्यातल्या अज्नालेन्स या कंपनीने वेल्डिंग आणि रंगकाम शिकवण्यासाठी व्हीआर संच तयार केले आहेत. त्यात पत्रा, रॉड आणि रंग वाया न घालवता हाताला वळण लावता येतं. मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी शोधणाऱ्या आयटीआयच्या मुलाला अशा सरावाचा उपयोग नक्की आहे. तिथे पिक्सेलपेक्षा टॉर्चचा कोन आणि हाताचा वेग यंत्र किती अचूक टिपतं, याला महत्त्व. जुना संच ते नीट टिपत असेल, तर नव्या हेडसेटचे पैसे आणखी एक संच घेण्यात घालावेत. म्हणजे सरावासाठी मुलांना थांबावं लागणार नाही.