काठ, पदर आणि हिजाब : बाईनं काय घालावं हे नेमकं ठरवतं कोण?

चिपळूण तालुक्यातलं सावर्डे. मुंबई-गोवा हायवेवरचं गाव, कोकण रेल्वेचं स्टेशन आणि सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांतली पोरंपोरी शिकायला येतात ते ठिकाण. सकाळी कॉलेजच्या वेळेला एसटीतून उतरणाऱ्या मुली बघा. कुणी युनिफॉर्ममध्ये, कुणी जीन्स-कुर्तीत, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, कुणी बुरख्यात, कुणी डोक्याला नुसता स्कार्फ बांधून. उन्हासाठी ओढणी तोंडाला अशी गुंडाळायची की फक्त डोळे दिसावेत, ही तर सगळ्याच धर्मांच्या स्कूटीवाल्यांची पद्धत. तिला कुणी नकाब म्हणत नाही.

गावात यावरून रोज भांडणं होत नाहीत. भांडणं होतात ती मोबाईलवर. एखादा फोटो फिरायला लागतो, हिजाबवाल्या मुलीचा नाहीतर देवळात जीन्स घालून गेलेल्या मुलीचा, आणि कमेंटमध्ये दोन फौजा उभ्या राहतात. एक म्हणते, हे आमच्या धर्मात बसत नाही. दुसरी म्हणते, तिची चॉइस आहे. गंमत म्हणजे फोटो बदलला की त्याच फौजा बाजू बदलतात. हिजाबच्या वेळी 'तिची चॉइस' म्हणणारे फाटक्या जीन्सच्या वेळी गप्प होतात, आणि जीन्सच्या वेळी स्वातंत्र्याची बाजू घेणारे हिजाबच्या वेळी नियमावली काढतात.

हा वाद आजचा नाही. आणि त्यातला सगळ्यात बोलका प्रसंग सावर्ड्याच्याच रस्त्यावर घडलाय. चिपळूण, परशुराम घाट, खेड, कशेडी असं करत उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटर गेलं की लागतं महाड.

महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे दुसरी परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, हेही बहुतेकांना माहीत असतं. त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फक्त स्त्रियांसमोर एक भाषण केलं. ते मात्र शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही.

या भाषणात त्यांनी मुलींना शिकवा, घरात स्वच्छता ठेवा, मेलेल्या जनावराचं मांस शिजवू नका असं सांगितलंच. पण त्यातला मोठा भाग होता कपड्यांचा आणि दागिन्यांचा. मुद्दा साधा होता. तुमच्या साडी नेसण्याच्या तऱ्हेवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबूनच ओळखू येतं, तेव्हा ती खूण पुसून टाका. गुडघ्याजवळ खोचलेलं लुगडं सोडा आणि वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा. गळाभर माळा आणि कोपरापर्यंतच्या गोट-पाटल्यांचं ओझंही उतरवा.

बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. परिषदेच्या ठिकाणीच अनेकींनी नेसणं बदललं. सवर्ण समाजातून चळवळीसोबत आलेल्या टिपणीस आणि चित्रे या घरांतल्या स्त्रियांनी त्यांना नवी पद्धत दाखवायला मदत केली, असं त्या परिषदेच्या हकिगतींत सांगितलं जातं.

आज वाचताना वाटेल, साडीच्या लांबीत एवढं काय? तर होतं. लुगडं किती खाली न्यायचं, काठ दिसू द्यायचा की नाही, पायात काही घालायचं की नाही, हे गावानं जातीप्रमाणे ठरवून दिलेलं असायचं. फलटण भागातल्या बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन वाचलेल्यांना यातला एक तपशील विसरता येत नाही. महार बायकांनी लुगड्याचा काठ निऱ्यांमध्ये दडवायचा. काठ मिरवायचा मान वरच्या जातीच्या बायकांचा. म्हणजे कापड स्वतःच्या पैशानं विकत घेतलं तरी त्याची शोभा दाखवायला परवानगी नाही.

इथे 'लज्जा', 'मर्यादा', 'शालीनता' या शब्दांची एक बाजू उघडी पडते. आपण समजतो की समाज बाईला झाकून ठेवायला सांगतो. काही बायकांना तो झाकूच देत नव्हता. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं लढावं लागलं. १८५९ मध्ये संस्थानानं परवानगी दिली, तीसुद्धा अट घालून. झाका, पण उच्च जातीच्या बायकांसारखं नको! शालीनता हा सगळ्या बायकांचा गुण असता, तर ही अट कुणी घातली नसती. तो हुद्दा होता, आणि कपडा हा त्या हुद्द्याचा बिल्ला.

महाडच्या प्रसंगावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बायकांनी कसं नेसावं हे इथेही एका पुरुषानंच सांगितलं. शिवाय सांगितलं काय, तर वरच्या जातींसारखं नेसा. यात चॉइस कुठे आहे? आक्षेपात तथ्य आहे. पण फरकही आहे. गावचा नियम मोडला तर शिक्षा होती, बाबासाहेबांचा सल्ला मानला नाही तर नव्हती. एक गोष्ट त्या बायकांवर लादलेली होती, दुसरी त्यांनी ऐकून, पटवून घेऊन केली, आणि ती केल्यावर गावाचा रोष अंगावर घ्यायची तयारीही त्यांनीच दाखवली.

वरच्या जातींतल्या बायका तरी मोकळ्या होत्या का? अजिबात नाही. ब्राह्मण घरातली मुलगी विधवा झाली की तिचं केशवपन व्हायचं आणि उरलेला जन्म आलवणात जायचा. मग वय दहा असो की पन्नास. त्याला धर्माचं नाव होतं आणि शालीनतेचंही. विधवा कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तिला विद्रूप करायचं, असा सरळ हिशेब होता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. ज्या हातांनी तो नियम पाळला जायचा, तेच हात थांबवण्याची ही युक्ती.

रत्नागिरी जिल्ह्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ ला गोदूबाई जोशी या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. हे जोडपं मुरुडला गेलं तेव्हा गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला. विधवेनं आलवण टाकून पुन्हा कुंकू लावणं गावाला सहन होण्यासारखं नव्हतं.

आणि हो, चपला-छत्रीचीही गोष्ट आहे. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी, म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई, पायात बूट घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्यानं निघाल्या म्हणून लोकांनी त्यांच्यावर दगड मारले, असं सांगतात. अंगावर कमी कपडे होते म्हणून नाही. जास्त होते म्हणून!

आता चेंबूरचं प्रकरण

१९२७ वरून थेट २०२४ ला येऊ. मुंबईतल्या चेंबूरचं एन. जी. आचार्य अँड डी. के. मराठे कॉलेज. कॉलेजनं नवा ड्रेस कोड काढला. कपडे फॉर्मल आणि सभ्य हवेत, धर्म ओळखू येईल असं काही नको, आणि बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बॅज यांना आवारात मनाई. बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या नऊ विद्यार्थिनी मुंबई हायकोर्टात गेल्या. आधीपासून हिजाब घालून शिकत होतो, आता अचानक दारात का अडवता, हा त्यांचा सवाल.

२६ जून २०२४ ला न्यायमूर्ती ए. एस. चांदूरकर आणि राजेश पाटील यांच्या खंडपीठानं याचिका फेटाळली. कोर्टाचं म्हणणं असं की नियम सगळ्याच धर्मांच्या विद्यार्थ्यांना लागू आहे, तो शिस्तीसाठी आहे आणि कॉलेजला तो करण्याचा अधिकार आहे. या निकालानंतर लगेच कॉलेजनं फाटकी जीन्स, टी-शर्ट आणि जर्सी यांनाही बंदी घातली. हिजाबबंदीवर टाळ्या वाजवणाऱ्या काही पोरांना तेव्हा कळलं असेल की 'सभ्य' या शब्दाची व्याख्या ताणली की ती स्वतःच्या कपाटापर्यंतही येते.

विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेल्या. ९ ऑगस्ट २०२४ ला न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि संजय कुमार यांनी कॉलेजला अडचणीचे प्रश्न विचारले. टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्यांनाही अडवणार का? नावावरून धर्म कळत नाही का, मग काय मुलांना नंबर देणार? आणि काय घालायचं हे सांगून मुलींचं सक्षमीकरण कसं होतं? मग कोर्टानं परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बॅज यांच्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली.

इथे व्हॉट्सॲपवर दोन्हीकडून चुकीचे मेसेज फिरले, म्हणून नीट समजून घेतलेलं बरं. कोर्टानं सगळा ड्रेस कोड रद्द केला नाही. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा किंवा नकाब चालेल असंही म्हटलं नाही, उलट तो वर्गात घालता येणार नाही असं स्पष्ट केलं. स्थगितीचा कुणी गैरवापर करू नये, तसं झालं तर कॉलेजनं पुन्हा यावं, हेही सांगितलं. आणि हा अंतिम निकाल नव्हता.

मग कायदा कुणाच्या बाजूनं?

खरी गुंतागुंत इथे आहे. अशा खटल्यांत दोन वेगळ्या वाटा असतात. एक राज्यघटनेच्या कलम २५ ची, म्हणजे धर्मस्वातंत्र्याची. त्या वाटेनं गेलं की कोर्ट विचारतं, ही गोष्ट तुमच्या धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का? ही कसोटी १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आली आहे. कर्नाटक हायकोर्टानं १५ मार्च २०२२ ला याच कसोटीवर हिजाब इस्लाममध्ये अत्यावश्यक नाही असं ठरवलं आणि शाळा-कॉलेजातली बंदी कायम ठेवली.

या वाटेची अडचण अशी की मुलीचं स्वतःचं म्हणणं बाजूला राहतं. न्यायाधीश, मौलवी, वकील सगळे मिळून धर्मग्रंथाचा अर्थ लावतात आणि जिनं कपडा घातलाय तिला काय वाटतं हा प्रश्न शेवटी येतो, आला तर.

दुसरी वाट कलम १९ आणि २१ ची, अभिव्यक्ती आणि खासगीपणाची. २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं पोशाख हा स्वतःची ओळख व्यक्त करण्याचा भाग मानला. खासगीपणाच्या २०१७ च्या निकालात न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी लिहिलं की काय खावं आणि काय घालावं हे सरकारनं सांगितलेलं कुणालाच आवडणार नाही. कर्नाटकचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली. सुधांशू धुलिया यांनी अत्यावश्यक-बिनअत्यावश्यक हा वादच बाजूला ठेवला आणि हा निवडीचा प्रश्न आहे, मुलीचं शिक्षण महत्त्वाचं, असं म्हटलं. पुढे हे मोठ्या खंडपीठाकडे द्यायचं ठरलं.

देवळांचा मामला थोडा वेगळा. कॉलेज हे शिक्षणाचं ठिकाण, देऊळ पूजेचं, त्यामुळे तिथे काही संकेत असणं भाविकांनाही मान्य असतं. पण संकेत आणि सक्ती यांच्यातली रेषा पुसट आहे. मे २०२३ मध्ये तुळजापूरला तुळजाभवानी मंदिरात तोकड्या कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि टीका झाल्यावर काही तासांतच उतरले. २०२० च्या डिसेंबरात शिर्डीत 'सभ्य' पोशाखाचं आवाहन करणारा फलक लागला, तेव्हा तृप्ती देसाईंनी विचारलं होतं, पुजारी अर्ध्या अंगानं उघडे असतात, त्यांच्याविषयी कुणी का बोलत नाही? त्याआधी २०१६ मध्ये कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात त्याच गाभाऱ्याकडे निघाल्या तेव्हा पंजाबी ड्रेस की साडी यावरून वाद पेटला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुण मुली रोज घालतात तो पंजाबी ड्रेससुद्धा गाभाऱ्यापाशी अपुरा पडला!

इराणचं उदाहरण या वादात दोन्ही बाजू देतात, पण अर्धंच. १९३६ मध्ये रझा शाहच्या सरकारनं हिजाबवर बंदी आणली आणि पोलीस रस्त्यावर बायकांच्या डोक्यावरचं कापड ओढू लागले. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ च्या क्रांतीनंतर उलट झालं, हिजाब सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला तो याच सक्तीपायी. कापड ओढून काढणारे आणि ओढून बसवणारे, दोघांनाही पोलीस लागले.

आपल्याकडे पोलीस लागत नाहीत, कॉलेजचं गेट पुरतं. चेंबूरच्या मुलींच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला तारीख लवकर द्या अशी विनंती केली, त्याचं कारण चाचणी परीक्षा तोंडावर आली होती. सावर्डे, खेड किंवा चिपळूणच्या घरातून मुलगी मुंबईला शिकायला निघते तेव्हा घरच्यांचे प्रश्न साधे असतात. राहायचं कुठे, लोकलनं येणार-जाणार कशी, फी किती. कुठल्या तरी घरात बाप सांगतो, बुरखा घालत असशील तरच जा. आणि गेटवरचा शिपाई सांगतो, काढत असशील तरच आत ये. दोघांनाही मुलगी विचारते तो प्रश्न एकच असतो, पण तास आठ वाजता सुरू होतो आणि गेट पाच मिनिटं आधी बंद होतं.