हवा किती, ते दारावर लिहिलंय

गाडी समजून घेताना : लेखांक ४

मागच्या आठवड्यात बॉनेट उघडून आपण ऑइलची पट्टी वाचायला शिकलो. या वेळी बॉनेट उघडायची गरज नाही. गाडीभोवती एक फेरी मारायची आणि टायर वाचायचे.

पंपावर हवा भरणारा विचारतो, "किती टाकू?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "टाका तीस-बत्तीस." काही जण "तुम्हीच बघा किती लागते ती" म्हणतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. पण तो माणूस दिवसभरात नाना तऱ्हेच्या गाड्यांत हवा भरतो. तुमच्या गाडीचा आकडा त्याने पाठ ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आकडा शोधायला ड्रायव्हरचं दार उघडा. बंद होताना दार ज्या खांबाला टेकतं, त्यावर एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडतो. त्यावर टायरचं माप असतं आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या हवेचे आकडे असतात. बऱ्याच गाड्यांत थोडी माणसं असताना किती आणि गाडी भरलेली असताना किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. छोट्या गाड्यांत हे आकडे साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या आसपास असतात. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन गावी निघाला असाल, तर भरलेल्या गाडीचा आकडा पाहायचा. टायरच्या कडेवरही ४४ किंवा ५१ असा एक आकडा कोरलेला दिसेल. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा जेमतेम दोन किलोमीटर चालली आहे. त्यामुळे हवा सकाळी, घराजवळच्या पंपावर तपासावी. तासभर हायवेवर पळून आलेल्या टायरमध्ये आकडा चार-पाचने चढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नका. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.

इथेच आपल्याकडचा एक जुना समज आडवा येतो. "उन्हाळा आहे, काँक्रीटचा रस्ता आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पुढे टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा हा सल्ला घरोघरी ऐकू येऊ लागला. परिवहन विभागाने मात्र प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. रोख बरोबर होता. रस्ता तापतो हे खरं, पण टायरच्या जिवावर उठते ती त्याच्या आतच तयार होणारी उष्णता.

ती कशी तयार होते, हे मापावरूनच कळतं. समजा टायरवर १६५/८० आर १४ लिहिलंय. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, रचना रेडियल आणि रिम १४ इंची. या टायरचा घेर जवळपास दोन मीटर भरतो. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग रस्त्याला टेकताना दबतो आणि सुटल्यावर पुन्हा ताठ होतो. तार तोडायला आपण ती एकाच जागी मागे-पुढे वाकवतो, तेव्हा ती जागा बोटाला चटका देते. टायरच्या कडेचं तसंच होतं. हवा जितकी कमी, तितकी कड जास्त वाकते आणि तितकी जास्त तापते. रबर आणि आतले तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग टायर फुटतो. बाहेरच्या उन्हाने दाब वाढतो तो साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय. तेवढं सोसायला टायर समर्थ असतो.

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. ते मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. टायरचे थर सुटून गाड्या उलटल्या होत्या आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली होती. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय हवा सुचवली होती. फायरस्टोनच्या मते ती कमी होती, तर फोर्डच्या मते दोष टायरचाच होता. सरकारी तपासातही टायरमध्ये दोष आढळला. या प्रकरणानंतर तिथे कायदा झाला आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांना सक्तीची झाली. ही यंत्रणा आता आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत येते. पिवळा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका.

आता खाली वाका आणि टायरची नक्षी पाहा. कडेवर एक छोटा त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरं सापडतील. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची एक आडवी पट्टी असते. तिची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून या पट्टीच्या पातळीला आली, की टायर संपला. पावसात पाणी बाहेर काढायचं काम याच खाचा करतात. त्यामुळे पावसाळा तोंडावर असेल, तर पट्टी उघडी पडायची वाट पाहू नये.

झीज कुठे आहे, यावरूनही दुखणं कळतं. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर गाडी बरेच दिवस कमी हवेवर चालली आहे. फक्त मधला भाग झिजला असेल, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली असेल, तर अलाइनमेंट करून घ्या. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखं वाटलं, तर बॅलन्सिंग किंवा शॉकअब्सॉर्बर दाखवा. नव्या टायरचे पैसे मोजण्याआधी हे कारण शोधलं नाही, तर नवाही तसाच झिजेल.

शेवटी टायरचं वय. कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. दहा वर्षं झाली, की नक्षी शाबूत असली तरी तो काढलेला बरा, कारण न वापरताही रबर कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात.

नायट्रोजनबद्दल बरेच जण विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन नायट्रोजन भरलात तर तोटा नाही, पण म्हणून महिन्याची तपासणी टळत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच. शिवाय पंपावर साधी हवा फुकट मिळायला हवी, असा नियम आहे.

या आठवड्याचा गृहपाठ :

१. स्टिकरचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.
२. सकाळी थंड टायरची हवा तपासा आणि चारही आकडे लिहून ठेवा. एकाच टायरचा आकडा पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह असणार. व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला, तर गळती तिथेच आहे. काही दिसलं नाही, तर पंक्चरवाल्याला दाखवा. टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, पंक्चरवाल्याकडे पोचेपर्यंत तोच भोक बुजवून ठेवतो.
३. व्हॉल्व्हच्या टोप्या जागेवर आहेत का, पाहा. धूळ आणि पाणी त्या अडवतात.

पुढच्या लेखांकात रस्त्याच्या कडेला चाक बदलायला शिकू. तोपर्यंत डिकीचा तळ उचलून जॅक आणि पाना आहेत ना, ते पाहा, आणि पाचव्या टायरची, म्हणजे स्टेपनीची, हवाही तपासून घ्या.